एकट्याचा फोटो

हेमचंद्ररावांना शेकाट्याचा एकच फोटो हवा होता. स्वच्छ पाणी, लांब गुलाबी पायांवर उभा एकटा पक्षी, आजूबाजूला कोणी नाही. त्यासाठी बावीस हिवाळे ते स्कूटर काढून जबलपूरबाहेरच्या या तळ्यावर येत होते. पण तिथे पाखरांचा नुसता बाजार भरलेला असायचा. नेम धरून बटण दाबावं, तर कोणाची तरी चोच नाहीतर शेपूट मध्ये कडमडायची. "अरे हटो ना, भैया!" ते पाखरांवरच खेकसायचे. चहा ओतता ओतता त्यांच्या बायकोला, कुंदाताईंना, हसू आवरायचं नाही.

आज आल्या आल्या, पाचव्या मिनिटाला तो फोटो मिळाला. अगदी हवा तसा. कुंदाताईंनी तो कॅमेऱ्यात पाहिला आणि थर्मास पिशवीत भरला. ऊन डोक्यावर आलं, तळ्यावर दुसरं एकही पाखरू उतरलं नाही, तरी हेमचंद्रराव जागचे हलेनात.

"झाला ना मनासारखा? मग काहून बसून राहिले अजून?"

त्यांनी डोळे चोळले आणि पुन्हा कॅमेऱ्याला लावले.

"कोणी मध्ये कडमडते का, पाहून राहिलो."