गुणाबाईंचा नंबर

मेघालीने फोन आडवा केला, पुन्हा उभा केला. उभ्या फोनवर वेबसाइटच्या पानातला गुणाबाईंचा अर्धा चेहरा पडद्याबाहेर गेला होता. फोन लावायचं हिरवं बटण तर दिसतच नव्हतं. बोटाने पान बाजूला सरकवलं तेव्हा कुठे ते सापडलं.

गुणाबाई म्हणजे वैशालीची आजी, दिघाशीची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावणारी. हल्ली लोक बँजोवाल्याला आधी सांगतात आणि धवलारणीला विसरतात, म्हणून वैशालीने आपली पहिलीच वेबसाइट आजीसाठी केली होती. घरातला एकुलता एक फोन भाऊ शिफ्टला घेऊन जायचा. त्यामुळे तिचं सगळं काम वेबसाइट शिकवणाऱ्या क्लासच्या कॉम्प्युटरवर व्हायचं, आणि तिथे ते पान देखणं दिसत होतं.

कुणाल सरांना दाखवण्याआधी जोडीदाराने चुका काढायच्या, असा क्लासचा नियम होता, आणि वैशालीची जोडीदार मेघाली होती. मेघालीच्या वेबसाइटवरची अक्षरं फोनवर मुंगीएवढी दिसत होती. सकाळी वैशालीने स्वतःचा डबा न उघडता, शेजारी बसून ती नीट करून दिली होती.

पडघ्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात वेबसाइट सांभाळायला एकच मुलगी हवी होती. सर आज नाव कळवणार होते.

"फोनवर बघितलंस ना गं? काय चुकलंय?" वैशालीने विचारलं.

चूक कोडच्या एका ओळीची होती. सांगितली असती तर समोरचा चहा निवायच्या आत सुधारली असती.

"काय न्हाय. रंग लय भारी घेतलेस," मेघाली म्हणाली. "आता हात लावू नको."

सरांनी आपल्या फोनवर पान उघडलं. थोडा वेळ बोट फिरवलं.

"आजी छान आहेत. पण त्यांना फोन कुठून लावायचा?"

मग त्यांनी मेघालीकडे बघून विचारलं, की तुला हे दिसलं नाही का. सांगून टाकावं असं मेघालीच्या ओठावर आलंही होतं, पण त्याआधी वैशालीच बोलली.

"तिचा फोन मोठा हाय, सर. त्याच्यावर बरोबर दिसलं असंल."

मेघालीने आपला फोन ओढणीखाली सरकवला. सरांनी पडघ्याला मेघालीचं नाव कळवलं. पोरींनी वाजवलेल्या टाळ्या खालच्या मजल्यावर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात तिला धड ऐकूही आल्या नाहीत.

तिने मान वर केली तेव्हा वैशाली तोंड धुऊन आली होती. डोळे लाल होते. खुर्ची ओढून ती अगदी जवळ बसली आणि म्हणाली, "तू कामाला लागलीस तरी माझं तूच बघत जा हां. बाकीच्या पोरी न बघताच छान म्हणतात."