शंभर मेसेज

बातमी पेपरच्या पहिल्याच पानावर होती. आजपासून एका सिमवरून दिवसाला फक्त शंभर मेसेज. जाहिरातींच्या कटकटीतून लोकांची सुटका, असं वर ठळक अक्षरांत छापलं होतं.

तळोज्याच्या ऑफिसातून येऊन हादियाने ती उभ्या उभ्याच वाचली. तिच्या मनात पहिला शब्द आला तो, 'सुटले.' मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने पेपर घडी करून ठेवला.

पनवेलच्या त्यांच्या मोहल्ल्यात पाणी एक दिवसाआड यायचं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. गेली दोन वर्षं व्हॉल्व्ह उघडणारा शिवा हादियाला मिस कॉल द्यायचा आणि हादिया तीनशे चाळीस घरांना मेसेज टाकायची, 'पाणी आलं.' ऑफिसात साहेब समोर असले तरी टाकायची. धाकट्या बहिणीच्या निकाहात, काझी दुआ मागत असताना, तिने ओढणीखाली फोन धरून टाकला होता. दोन वर्षांत फोन बंद करून ती एकदाही झोपली नव्हती.

चहाचा कप हातात घेतला तोच हितेशचा फोन. बेलपाड्याचा हितेश कॉलेजात तिच्याच वर्गात होता. तिच्या मेसेजांचं स्टार्टअप करायचं त्याने वर्षभर डोक्यात घेतलं होतं.

"बातमी वाचलीस? आपल्याला लॉटरी लागली!"

"कसली लॉटरी?"

"मेसेजचा जमाना संपला, आता ॲप. इन्व्हेस्टर गुरुवारी भेटतोय. खारघरच्या सोसायट्यांपासून सुरुवात करू. तिथे घरटी स्मार्टफोन आहे."

"तिथे घरटी टाकी पण आहे, हितेश. त्यांना नळाची वाट कुठे बघावी लागते?"

"मग त्यांना दुसरं काहीतरी कळवू. डबा आला, इस्त्रीचे कपडे आले. सिस्टीम तर तीच ना?"

"आणि आमची तीनशे चाळीस घरं?"

"दमलीस म्हणून तूच सांगत होतीस ना? मग सोड की आता."

गुरुवारचं नंतर बघू म्हणून हादियाने फोन ठेवला.

सात वाजता शिवाचा मिस कॉल आला. हादियाचा अंगठा सवयीने बटणावर गेला आणि थांबला. शंभर कोण? चौथ्या मजल्यावर गुडघे धरून चढणारी कुमुदकाकू हवीच. दिवसभर चार घरची धुणीभांडी करणारी गंगाबाई हवीच. पण जनीला तिसरा महिना होता आणि तिच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. शंभर निवडायचे म्हणजे दोनशे चाळीस दारांवर आपल्या हाताने फुली मारायची. तिने फोन टेबलावर पालथा घातला.

पुन्हा एक मिस कॉल. थोड्या वेळाने आणखी एक. मग मात्र फोन वाजतच राहिला. मिस कॉलपलीकडे कधी एक पैसा खर्च न करणारा शिवा आज खरोखरचा फोन करत होता.

"ताय, पानी सोरलाय कवाचा. नलावर कोन बाय दिसत नाय. मेसेज नाय केला?"

"नाही केला, शिवादादा. ते बंद झालं आता. सरकारने बंद केलं."

"सरकारनं?" शिवाला काही उमगेना. "पानी तं मी सोरलाय."

फोन कट झाला.

हादियाची आई, सुगरा, स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"दे इकडे फोन."

"अम्मी, मेसेज जाणार नाहीत."

"मेसेज कोण करतंय? मी मिस कॉल देते. त्याला पण कायदा आलाय काय?"

"नाही."

"मग झालं तर. सगळ्या बायांनी तुझा नंबर 'पाणी' म्हणूनच टाकलाय फोनात. पाण्याचा फोन वाजला म्हणजे पाणीच आलं असणार. त्यात वाचायचं काय? मला कधी वाचता आलं?"

इतकं सोपं होतं याचाच हादियाला राग आला. बातमी वाचल्यापासून जरा किलकिलं झालेलं सुटकेचं दार आईने सहज लोटून दिलं होतं, आणि या घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. रडावं असं तिला वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"नावं मला कळत नाहीत," सुगरा म्हणाली. "आकडे सांग."

हादियाने आकडे सांगितले. सुगराने फोन हातभर लांब धरून एकेक बटण दाबलं, एक रिंग जाऊ दिली आणि कट केला. "हं." दुसरा. "हं." तिसरा. खालच्या गल्लीत कुणीतरी बादली सरकवली. वरच्या मजल्यावर पिंप ओढल्याचा आवाज झाला. दार उघडलं, कुणी कुणाला हाक मारली.

विसाव्या नंबरानंतर सुगराने मान वर केली. "नंबरांची वही बघून सांग गो, चुकशील."

हादियाने टेबलावर डोकं टेकलं होतं. डोळे मिटलेलेच ठेवून तिने पुढचा नंबर सांगितला. मग त्याच्या पुढचा.