शिडीवरून

"अगं, दोन्ही हात सोडू नकोस!" सासरे खालून ओरडले.

ती शिडीच्या चौथ्या पायरीवर होती. परसातल्या भिंतीवर, छपराच्या कडेखाली, चिमण्यांचं लाकडी खोकं होतं. थंडी सरली की त्यातलं जुनं गवत काढून ते साफ करायचं, हे दरवर्षीचं काम. खोकं सासऱ्यांनीच बनवलेलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, पण या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला होता. म्हणून ती वर चढली आणि ते शिडी धरून उभे राहिले.

समोरच्या तारेवर चिमणा-चिमणीची जोडी कलकलाट करत होती.

"घरमालक आलेत बघ," सासरे म्हणाले. "आवर लवकर."

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तो त्यांचा एकुलता एक. आता सासू-सासरे इकडे कशाला फिरकतील, असं तिला तेव्हा वाटलं होतं. पण उन्हाला ऊब आली की दोघं पिशव्या घेऊन दारात हजर. "चिमण्या बघायला आलो," म्हणायचे आणि पंधरा दिवस राहायचे. सासरे कुरकुरणारी दारं नीट करायचे. सासूबाई पडदे धुऊन काढायच्या, आणि ती चष्म्याच्या दुकानातून दमून आली की तिला बळेच खुर्चीत बसवायच्या. तिचे स्वतःचे आईवडील केव्हाच गेले होते. आई, बाबा अशी हाक मारायला जगात एवढी दोनच माणसं उरली होती.

आणि आज ती दोघंही हातची जाणार होती. सकाळी सांगू, संध्याकाळी सांगू करत चार दिवस गेले होते. समोरासमोर तोंडच उघडत नव्हतं. इथे भिंतीकडे तोंड केल्यावर सासऱ्यांचा चेहरा तरी दिसत नव्हता.

तिनं मूठभर गवत खाली टाकलं.

"बाबा, मी लग्न करायचं म्हणतेय. शाळेत भूगोल शिकवतात ते. दुकानात चष्मा करायला आले होते."

शिडी हलली. मग कुणीतरी जमिनीत रोवावी तशी घट्ट झाली.

"आधी खाली उतर," सासरे म्हणाले.

ती उतरली. तिच्याकडे न बघता ते लंगडत आत गेले. दार लोटलं गेलं. आतून कुजबुज ऐकू आली, मग सासूबाईंचं दाबलेलं रडणं. आणि मग पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज.

म्हणजे दोघं निघाले. थांबा म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यांच्याच मुलाच्या घरात उभं राहून तिनं दुसऱ्याचा विषय काढला होता. तिला त्यांचा राग आला नाही. नातं तुटल्यावरही तीन वर्षं माया केली, एवढं कोण करतं? जाताना पाया पडायचं आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, असं तिनं ठरवलं.

दार उघडलं. सासूबाई पुढे होत्या. डोळे लाल, तोंड नुकतंच धुतलेलं. तिच्या केसांत अडकलेली काडी त्यांनी हलकेच काढली.

"मला थोडं रडू दे गं," त्या म्हणाल्या. "त्याची आठवण आली. तुझ्यावर राग नाही."

मागून सासरे आले. बॅगेतून काढलेली वही हातात, पेन्सिल कानामागे.

"त्या मास्तरांना रविवारी बोलव," ते म्हणाले. "घरात कोण कोण आहे, रागीट आहेत का, पीत-बीत नाहीत ना, सगळं विचारायचंय मला. तोवर होकार द्यायची घाई करू नकोस."

"पण बाबा, तुम्ही कशाला..."

"कशाला म्हणजे?" सासरे खेकसले. "आम्ही मुलीकडचे!"