खोक्याची झोप

सात दहा होऊन गेले तरी अण्णांचा खोका उठला नाही.

लेकीने स्क्रीन पुन्हा रिफ्रेश केली. त्यांच्या गल्लीतले बाकीचे सेट-टॉप बॉक्स एकेक करून जागे होत होते. ज्याची हजेरी लागली त्याचं टिंब हिरवं व्हायचं. अण्णांच्या नंबरापुढचं टिंब राखाडीच.

रात्रीच तिच्या टीमने चाळीस हजार खोक्यांत नवं सॉफ्टवेअर घातलं होतं. आजवर हे खोके रिमोटने बंद केले तरी आत जागेच असायचे आणि जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज खायचे. घरजावयासारखे, असं ती मीटिंगमध्ये म्हणाली होती. आता ते खरोखर झोपणार होते. फक्त उठायला मिनिटभर लागणार होतं.

"मॅडम, एकाच खोक्याकडे काय टक लावून बसलात? बाकीचे रुसतील," शेजारचा टेस्टर म्हणाला.

ती हसली नाही. आई गेल्यापासून तीन वर्षं ती रोज सकाळी हेच चोरून बघत आली होती. अण्णा दोन तासांवरच्या गावात एकटे. "कसे आहात?" विचारलं की "ठणठणीत". छातीत कळ आली होती तेव्हाही ठणठणीतच. त्यामुळे तिचा अण्णांच्या शब्दावर भरवसा उरला नव्हता, त्या टिंबावर होता. सात दहाला बातम्या लागल्या, म्हणजे अण्णा आहेत.

अण्णांचा मोबाईल वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेवटी तिने अण्णांच्या शेजारच्या काकूंना फोन करून घरी बघायला पाठवलं.

"अगं, बाहेरून कुलूप आहे. आणि फोन आत वाजतोय."

"एवढ्या सकाळी कुठे जातील ते?"

"मला काय सांगून जातात होय! थांब, कोपऱ्यावर विचारते."

कोपऱ्यावर कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात आले नव्हते. नऊला तिने पोलीस चौकीत फोन लावला. "अंगात कपडे कोणते होते?" पलीकडून विचारलं. टिंब कपडे सांगत नाही.

साडेनऊला गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "मॅडम, जरा खाली या." एवढंच. लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने धावली.

अण्णा वॉचमनच्या स्टुलावर बसले होते. घामाघूम. मांडीवर पिशवी, पिशवीत वायरींसकट खोका.

"अहो अण्णा! एक दिवस बातम्या बुडल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"बातम्या कोण बघतंय? मी टीव्ही लावतो, आवाज बंद करतो आणि पुन्हा आडवा होतो." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "आज बटण दाबलं तर लागेना. हात लावून बघितलं, थंडगार. तशीच पहिली बस धरली. म्हटलं, पोरगी तिकडे समजायची, मीच गेलो."