पाच कुकर

राकेश साहेबांनी टेबलावर पाच कुकर ओळीनं मांडले. "सुगंधाबाई, यातला एक रेघेचा आहे. काढून दाखवा."

साहेब सोमवारीच रुजू झाले होते. सगळ्यांची परीक्षा घेत होते, आता सुगंधाबाईंची पाळी.

नरडाण्याच्या या कारखान्यात बाईंनी चौदा वर्षं फक्त तयार कुकरवर हात फिरवला होता. प्रेस पत्रा दाबते, त्याचा कुकर होतो. दाबताना पत्र्याचे बारीक कण डायला, म्हणजे साच्याला, चिकटतात आणि मग ती डाय पुढच्या प्रत्येक कुकरला ओरखडत सुटते. पत्र्यावरच्या तेलाखाली रेघ दिसत नाही, बोटाला लागते. खोल रेघेचा कुकर एखाद्या दिवशी तिथूनच फाटतो, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. म्हणून सुगंधाबाई डोळे मिटून तपासत. सगळा जीव बोटांच्या टोकाशी न्यायचा.

दोन महिन्यांपूर्वी ती टोकंच मेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी साखर सांगितली. सुगंधाबाईंनी चिठ्ठी पिठाच्या डब्यामागे लपवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. नवरा गेलेला, लेक मृणालीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकून धरताना मात्र त्यांचा जीव जात होता. गल्लीत कुठं कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स व्हायचं. आपण पास केलेला तर नसेल? त्या घरात लहान मूल असेल का? एकदा तर शिट्ट्या थांबेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.

त्यांनी पहिल्या कुकरवर हात फिरवला. काही नाही. दुसरा, तिसरा. हात जणू दुसऱ्याच कोणाचा होता. पाचवा झाला आणि पाठीवरून घामाची धार उतरली.

डोळे उघडले तर साहेबांच्या मागे गुलाबनाना उभे. डाय घासून गुळगुळीत करणारे, कारखान्यातले सगळ्यात जुने. त्यांचा हात एप्रनवर होता. तीन बोटं ताठ.

म्हणजे नानांना माहीत होतं.

'तिसरा' एवढंच म्हणायचं होतं. नोकरी वाचत होती, मृणालीचं वर्ष वाचत होतं. शब्द ओठांवर आला. पण उद्या परत हात फिरवायचा होता, परवाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला काहीच लागत नाही. बोटं मेली आहेत माझी."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

साहेबांचा चेहरा उतरला. "दोन महिन्यांचा माल बाजारात गेलाय, बाई! लोकांच्या घरात शिजतंय त्यात!"

सुगंधाबाईंनी टेबलाची कड धरली. जी गोष्ट त्या रोज मनात म्हणत होत्या, ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना.

"एक बी खराब नही गया, साहेब," नाना पुढे आले. "डाय पहिले आठ दिवसमा एकदाव घासूत. दोन महिना व्हई गयात, मी रोज घासस. जेवणनी सुट्टीमा. कण चिकटाले टाइमच दिधा नही. हाऊ तिसरा तं जुना शे, तुमीच परीक्षाकरता भंगारमातून काढाले लावा व्हता."

साहेब खाली बसले.

सुगंधाबाई नानांकडे बघतच राहिल्या. "नाना, मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं. पोरीलासुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?"

नानांनी मान खाली घातली.

"अक्का, दोन महिना पहिले एक दिन पत्रानी कडवर तुमनं बोट कापाई गयं व्हतं. सात कुकरवरनं रगत पुसं मी. तुमी डोया मिटीसन तपासतच व्हतात."