नायकाची बाज

तांड्याच्या नेमसिंग नायकाने आपली सुंभाची बाज मुद्दामच वाटेत टाकायला लावली. मागे काट्यांचं कुंपण, समोर चिंचेचं जुनं खोड, आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. बाजेच्या अलीकडे, घरांच्या अंगाला, बापूजींच्या बाजूची माणसं बसतील. पलीकडे, नाल्याच्या अंगाला, नानाजींच्या. पुसदहून जीपने आलेल्या पक्षाच्या निरीक्षकाला ही व्यवस्था फार आवडली. नेमसिंगलाही आवडली होती, पण त्याचं कारण वेगळं होतं.

जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक येऊ घातली होती. पक्ष एक, जागा एक, आणि तिकीट मागणारे दोन: फुलसावंगीचे बापूजी आणि शेजारच्या शिवारातले नानाजी. दोघंही कापसाचे मोठे शेतकरी, दोघांचीही टोपी पांढरीशुभ्र. तेव्हा लोकांचा कल कुणाकडे आहे ते गावोगाव पाहून या, असा वरून हुकूम सुटला होता.

तांड्याचा कल नेमसिंगने कधीच ठरवून टाकला होता. फुलसावंगीच्या भर बाजारात बापूजींनी त्याच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला, तेव्हा छातीवर हात ठेवून तो म्हणाला होता, "बापूजी, जिथं नायक तिथं तांडा. माही जबान हाय." आणि त्यात खोटं काय होतं? बापजादे बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरत, तेव्हा नायकाचा बैल थांबे तिथंच तांडा उतरे. आता बैल औताला लागले, तांडा एका जागी रुजला, पण नायक नायकच राहिला. तांड्यातली एकही बाई वहाणा घालून त्याच्यासमोरून जात नसे. खरं तर समोरून जातच नसे, मागून वळसा घाली. आज मागे कुंपण होतं.

"सुरुवात करू या का, नायक?" निरीक्षकाने विचारलं.

"कायले तरास घेता, साहेब? तांडा एका तोंडानं बोलते, अन् ते तोंड तुमच्यापुढं हाय. चहा घ्या अन् निंगा."

निरीक्षक हसला. पण तो पाहायला आलेला माणूस होता, ऐकायला नव्हे. त्याने मोठ्याने सांगितलं, ज्यांना नानाजी हवेत त्यांनी पलीकडे जाऊन बसावं.

कुणी हललं नाही. नेमसिंगने मिशीवरून हात फिरवला.

मग बायकांच्या घोळक्यातून एक जण उठली. घुंगट पार छातीपर्यंत, पण चालीवरून त्याने ओळखली. सुखीबाई. त्याचीच बायको. बाजेजवळ आल्यावर ती वाकली, वहाणा काढून हातात घेतल्या आणि मान खाली घालून त्याच्यासमोरून चालू लागली.

"कुठी चालली?" नेमसिंगच्या तोंडून निघून गेलं.

चारचौघांत नवऱ्याला उत्तर द्यायची रीत नव्हती. सुखीबाईने मागे वळून घोळक्यातल्या हंसाबाईला सांगितलं, "हंसा, सांग त्याईले. बापूजीच्या विहिरीवर सारं गाव भरून झालं का मंग आमची घागर लागते. गेल्या उन्हाळ्यात नानाजीनं वावराचं पाणी तोडून आमच्या घागरी भरू देल्या. पाणी भरनाऱ्या तिकडं जाऊन राह्यल्या."

हंसाबाईने कुणालाच काही सांगितलं नाही. तिनेही वहाणा काढल्या. मग लालीबाईने, मग मानीबाईने, मग सगळ्यांनीच. वैशाखातली माती तव्यासारखी तापली होती, तरी एकीनेही घाई केली नाही. वहाणा हातात, नजर खाली; रीत अशी तंतोतंत पाळली, की रागवावं तरी कशावर हेच नेमसिंगला कळेना.

एवढ्यात कारभारी रामलाल उठला. नायकाचा उजवा हात.

"तू बी?"

"माही भाकर तिकडं जाऊन बसली, नायक. म्या इकडं बसून काय खाऊ?"

बायकांत हशा पिकला. रामलालच्या मागून एकेक करत पुरुषही उठले. बाजेच्या अलीकडे शेवटी एक म्हातारं कुत्रं उरलं, आणि तेही झोपेत होतं.

निरीक्षक बिचारा ओशाळला. त्याने हळूच विचारलं, "नायक, वर काय सांगू?"

नेमसिंगने डोक्यावरचा बापूजींचा फेटा चाचपला. बापूजींना तोंड कसं दाखवायचं, हा एक घोर. तांडा पलीकडे आणि नायक अलीकडे, तर मग तो नायक कशाचा, हा त्याहून मोठा. त्याने पलीकडे पाहिलं. सुखीबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. घुंगट जागच्या जागी होता, पण खांदे हसत होते. बाईने अख्खा तांडा आपल्या नाकासमोरून नेला आणि आपल्या मानाला धक्कासुद्धा लागू दिला नाही! रागाच्या जागी त्याला तिचा अभिमानच वाटू लागला. मिशी थोडी हलली.

त्याने डोक्याचा फेटा उतरवला आणि निरीक्षकाच्या हातात दिला.

"हा बापूजीचा, बापूजीले द्या. अन् सांगा, जिथं नायक तिथं तांडा, असं म्या म्हनलं होतं. ते कालबी खरं होतं अन् आजबी खरं हाय." मग खणखणीत आवाजात त्याने हाक दिली, "रामलाल! बाज उचल!"

रामलाल आणि हरिसिंग धावत आले. बाज उचलून त्यांनी पलीकडे नेली आणि माणसांच्या मधोमध टाकली. नेमसिंग एकटाच अलीकडे उभा राहिला. वाट आता मोकळी होती, आणि वाटेच्या टोकाला सारा तांडा बसला होता.

तो वाकला. पायातले जोडे काढून हातात घेतले, आणि त्या तापल्या मातीवरून सावकाश चालू लागला.