चरा फिरला का?

दामिनीनं आणखी एक भिंग बादच्या ट्रेमध्ये टाकलं, तसे सावळाराम सायब तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"सकाळपासनं एक पण पास नाय? काय गो, भिंगांशी भांडलीस काय?"

आसनगावच्या त्या कारखान्यातली भिंगं मुगाच्या दाण्याएवढी. डॉक्टर पोटात सोडतात त्या दुर्बिणीची. नियम सरळ: नमुन्याच्या काचेवर वीस नंबरचा चरा कोरलेला, त्याहून ठळक चरा दिसला की भिंग बाद. मोजायला यंत्र नाही, डोळा हेच यंत्र! आणि दामिनीसारखा डोळा अख्ख्या कारखान्यात कुणाचा नव्हता. सायबांना तर चष्म्यातूनही भिंग आणि साबुदाणा सारखाच.

"सगळ्यांवर चरा हाय, सायेब."

"भिंग फिरव बघू."

भिंगाबरोबर चरा फिरला तर तो भिंगाचा. नाही फिरला तर बघायच्या काचेचा. नव्या पोरींना हे तीच तर शिकवायची. तिनं चिमट्यातलं भिंग फिरवलं. चरा जागचा हलला नाही. डोळ्याला लावायची काच पुसली, तीही फिरवली. चरा तिथंच.

दामिनीनं डोळा चोळला. रविवारी कापणीत भाताची पात सपकन उजव्या डोळ्याला लागली होती. पाणी मारलं, पदराची ऊब दिली, झालं.

तिनं हळूच डावा डोळा लावला. भिंग लख्ख होतं.

म्हणजे सकाळपासून तिनं चांगला माल फेकला होता. नजर अधू झाली म्हणून तपासणीतल्याच मंगळीला दिवाळीच्या तोंडावर घरी बसवलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं.

"फिरला का?" सायबांनी विचारलं.

समोर पॉलिशच्या चाकावर भागीवहिनी बसली होती, तिची सख्खी भावजय. सगळी भिंगं तिच्याच हातची. दामिनीला इथं चिकटवलंही तिनंच.

"फिरला," दामिनी म्हणाली.

सायबांनी जाऊन चाक बंद केलं. "भागी, ऊठ. सगला माल नासवलास. उद्यापासनं येऊ नको."

"सायेब, आनखी कुनाला तरी बघू द्या की," शेजारची गिरजा म्हणाली.

दामिनीनं मान वर केली नाही.

"कशाला गो?" भागीवहिनी हात पुसत उठली. "माजाच हात चुकला असंल. आमच्या दामिनीची नजर खोटी नाय."